सुभेदारांची मशीद

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज पनवेलच्या बंदराला उतरली. पुण्यावर चालून जायचं आणि राघोबादादांना गादीवर बसवायचं, असा बेत होता. तोफा, बैल आणि नोकरचाकरांचं भलंमोठं लटांबर घेऊन ती बोरघाट चढली आणि जानेवारीत वडगावला तह करून, मान खाली घालून परतली. शाळेत ही गोष्ट आपण महादजी शिंद्यांच्या बाजूने शिकलो, आणि ते बरोबरच आहे. पण कंपनीच्या त्या मुंबई फौजेत साहेब मूठभर असत. बाकीचे शिपाई बरेचसे आपल्याच मुलखातले, कोकणातले, मराठीत शिव्या देणारे. मराठे, महार, मुसलमान असे सगळे एकाच रांगेत. त्याच काळात या रांगेत आणखी एक मंडळी येऊन उभी राहू लागली होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवत. कोकणातले ज्यू.

नेरूळहून पनवेल म्हणजे हार्बरच्या गाडीने अर्ध्या तासाचीही वाट नाही. इतकी वर्षं नवी मुंबईत राहून मी पनवेलला गेले ती लग्नांना, दवाखान्यात नातेवाईक असेल तर, किंवा पुढे कोकणात जाणारी एसटी पकडायला. या वेळी मात्र मुद्दाम गेले, आणि त्याला कारण घरातला वाद.

माझ्या मावसभावाचा मुलगा न्यू जर्सीत वाढला. तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. बातमी आली त्या दिवसापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तट पडले. एका काकांनी लिहिलं, ज्या देशाचं मीठ खाल्लं त्याला पोरगा जागला. दुसऱ्यांनी लिहिलं, मीठ कसलं, कॉलेजची फी वाचवली. तिसऱ्या कोणीतरी दोघांनाही देशद्रोही ठरवलं आणि लगेच गटातून बाहेर पडले. ते दिवाळीला परत आले. मी पोरालाच फोन केला. तो म्हणाला, “आत्या, पगार बरा आहे, शिक्षणाचा खर्च देतात, आणि मला घरात बसून काम करायचं नव्हतं.” निष्ठेचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

अमेरिकेत मात्र हा विषय फार जुना आहे. बाहेरून आलेल्यांनी, वेगळ्या धर्माच्यांनी युद्धात जायचं आणि मग ‘आता तरी आम्ही तुमचे ना?’ असं विचारायचं. यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा तिथल्या कायद्याप्रमाणे पलटणीचा धर्मगुरू ख्रिस्तीच असावा लागे. ज्यू शिपाई लढत होते, मरत होते, पण त्यांच्यासाठी रब्बी ठेवायची सोय नव्हती. १८६२ च्या जुलैत कायदा बदलला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जनरल ग्रँटने आपल्या ताब्यातल्या मुलखातून सगळ्या ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला. काळ्या बाजारात कापूस विकतात, म्हणून. लिंकनने तो हुकूम जानेवारीत रद्द करायला लावला. एकाच वर्षात एका हाताने रब्बी दिला आणि दुसऱ्या हाताने धक्के.

यावर विचार करताना मला आपल्या शेजारची बेने इस्रायल मंडळी आठवली. समुद्रापलीकडून आलेली, वेगळ्या धर्माची, परक्या सत्तेच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या नोकरी केलेली, आणि घरात शुद्ध कोकणी वळणाचं मराठी बोलणारी. त्यांना हा प्रश्न पडला होता का?

पनवेल स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ज्यूंच्या मशिदीकडे न्या म्हटलं. त्याने आधी इस्रायल तलावाकडे न्यायची तयारी दाखवली. पनवेल हे तलावांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विसराळे, आणि त्यांच्याच पंगतीत इस्रायल. त्याला त्या नावात काही नवल वाटत नव्हतं. “ज्यू लोकांचं ना? ते होते की इथे,” म्हणाला, आणि मीटर न टाकता जुन्या गावात शिरला.

बेथ एल हे पनवेलच्या ज्यूंचं प्रार्थनास्थळ, इथल्या बोलीत मशीद, १८४९ सालचं. म्हणजे पनवेलची पूर्वीची नगरपालिका, जी राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी होती, तिच्याहूनही तीन वर्षांनी वडील. बाहेरून बघायला भव्य वगैरे काही नाही. २६/११ ला कुलाब्यातल्या ज्यूंच्या घरावर हल्ला झाल्यापासून अशा सगळ्याच जागांवर बंदोबस्ताचा कडकपणा आला आहे. ओळखपत्र दाखवा, फोटो काढू नका, बॅग उघडा. शमाश, म्हणजे इथली देखभाल करणारे गृहस्थ, आधी जरा त्रासिक दिसले. नेरूळची आहे, मराठीत लिहिते म्हटल्यावर त्यांनी पंखा लावला.

आत मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा. तिथे उभं राहून वाचन करायचं. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला, कारण जेरुसलेम इथून पश्चिमेला. भिंतीजवळ एक रिकामी खुर्ची, तिच्यावर कापड घातलेलं. ती एलियाहू नबीची. मुलग्याची सुंता असते तेव्हा बाळ आधी तिच्यावर ठेवतात. “एरवी कोणी बसत नाही,” शमाश म्हणाले, “पाहुण्यांची लहान मुलं बसतात, मग त्यांना उठवावं लागतं.” सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. पूर्वी दहा कोणते घ्यायचे हा प्रश्न असे, आता दहा आणायचे कुठून हा.

२६ जुलै २००५ च्या पुरात गाढी नदीचं पाणी इथे आत शिरलं. हाताने लिहिलेल्या चामड्याच्या गुंडाळ्या भिजून खराब झाल्या. अशी गुंडाळी टाकून देत नाहीत, जाळत नाहीत. माणसासारखी दफन करतात. शमाश हे सांगत असतानाच मागून एक आजी आल्या आणि त्यांच्या हातातून गोष्ट काढून घेतली. नगरपालिकेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि समोरचा माणूस चौथीत आहे असं धरूनच त्या बोलत. त्यांचे भाऊ-बहिणी साठच्या दशकात इस्रायलला गेले. त्या राहिल्या. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्या घरी चहा झाला. आदल्या दिवशी कसलासा नवस फेडला होता, त्यामुळे मालिद्याचं ताट अजून होतं: भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, वेलदोडा, पिस्ते, कडेने फळं, आणि एक सुकत आलेला गुलाब. नवस एलियाहू नबीला बोलतात. ताट पाहिल्यावर कोणाही कोकणी माणसाला सत्यनारायणाची आठवण यावी, पण प्रार्थना हिब्रूत. आजींच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि दाराच्या चौकटीवर तिरपी लावलेली, आत धर्मवचन ठेवलेली मेझुझाची नळी.

“आमचे खापरपणजोबा सुभेदार,” त्या म्हणाल्या. “मुलतानपर्यंत गेलेले.”

मी माझा प्रश्न विचारला. इंग्रजांच्या फौजेत जायचं म्हणजे आपण इथलेच आहोत, उपयोगाचे आहोत, हे दाखवायचं असेल का?

“कुणाला दाखवायचं? गावाला माहीत होतं ना. घाण्याला बैल एक, घरात पोरं पाच. फौजेत महिन्याचा पगार रोख, म्हातारपणी पेन्शन. तुला बँकेत कशाला जायचं होतं, निष्ठा दाखवायला?”

मी बँकेत होते हे मी त्यांना कधी सांगितलं, ते मला आठवेना. चेहऱ्यावरून ओळखतात बहुतेक.

आजींचं म्हणणं इतिहासाशी जुळतं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल कुटुंबं आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांतून मुंबई बेटावर येऊ लागली. तेल गाळण्यापेक्षा तिथे सुतारकाम होतं, बांधकामाचे ठेके होते, आणि फौज होती. मुंबईच्या फौजेचं एक वैशिष्ट्य होतं, जे बंगालच्या फौजेत नव्हतं. इथे एकाच कंपनीत सगळ्या जाती मिसळून असत, आणि सोवळंओवळं सांभाळायला साहेब फारसं उत्तेजन देत नसत. अशा ठिकाणी चार घरांच्या जमातीलाही वाव मिळतो. शिवाय बेने इस्रायल लवकर लिहा-वाचायला शिकले. त्याचं श्रेय बरंचसं अमेरिकन मिशनला. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या या अमेरिकन पाद्र्यांनी कोकणपट्टीत शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायलांची मुलं शिकली आणि काही तिथेच मास्तर झाली. मागून आलेल्या स्कॉटिश जॉन विल्सननी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. पाद्र्यांना हवं होतं धर्मांतर. ते जवळजवळ झालंच नाही. ज्यूंनी अक्षरं घेतली, हिब्रू घेतलं आणि आपल्या मशिदीत परत गेले. इतका फायदेशीर व्यवहार मी बँकेतही पाहिला नाही.

अक्षर आणि कवायत दोन्ही येणारा माणूस बढती घेत जातो. एतद्देशीय शिपायाला जिथपर्यंत चढता येई ती पायरी म्हणजे सुभेदार-मेजर, आणि तिथपर्यंत बेने इस्रायल पोचले. काहींना सरदार बहादूर किताब मिळाले. अफगाणिस्तान, पंजाब, इराण, एडन, ब्रह्मदेश, जिथे मुंबईची फौज गेली तिथे ते गेले, आणि जिथे छावणी स्थिरावली तिथे त्यांच्या वस्त्या झाल्या. पुणे, अहमदाबाद, कराची. कराचीची मागेन शालोम ही मशीद १८९३ सालची, आणि ती बांधणारे सॉलोमन डेव्हिड हे आडनावाने उमेर्डेकर. ती १९८८ मध्ये पाडली गेली. नोकरी संपली की मात्र बहुतेकांना गाव आठवे. पेन्शन घेऊन पनवेल, पेण, अलिबागला परतायचं, दोन खोल्यांना कौलं घालायची आणि मशिदीच्या कमिटीवर बसायचं. १८४० नंतर कोकणात एकापाठोपाठ एक प्रार्थनास्थळं उभी राहिली, त्यांच्यामागे अशा मिळकतीचा वाटा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी पनवेलहून अलिबागची एसटी धरली. पेणपर्यंत रस्त्याची दशा काय वर्णावी! मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण होण्याची वाट पाहण्यात आमची एक पिढी निवृत्त झाली. वडखळला गाडी उजवीकडे वळली की जरा श्वास घेता येतो. खिडकीतून जाणाऱ्या पाट्या मी या वेळी निराळ्या कानाने वाचत होते. पेण, पेझारी, पोयनाड. पेणकर, पेझारकर, आणि वाटेवर नसलेल्या झिराड, किहीम, आष्टमीचे झिराडकर, केहिमकर, आष्टमकर. अर्धा रायगड जिल्हा बेने इस्रायलांच्या आडनावांत आहे. ज्यांनी गावाचं नाव लावलं त्यांना आम्ही इथले आहोत हे वेगळं सांगावं लागलं नसणार.

पण फौजेचं दार बंद झालं, आणि ते त्यांच्या कुठल्याही चुकीने नाही. १८५७ नंतर सरकार सैन्याच्या रचनेकडे संशयाने बघू लागलं. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना ‘लढवय्या जमाती’ हे खूळ पक्कं झालं. उत्तरेकडचे उंच, गोरे ते शूर. दक्षिणेकडचे, कोकणातले ते नव्हेत. पलटणी जातवार केल्या. एका कंपनीत एकच जात, आणि बढती त्या जातीच्या आत. आता ज्यांची अख्खी जमात मिळून दोन-चार कंपन्या भरणार नाहीत त्यांनी काय करायचं? ज्या मिसळीत बेने इस्रायल वर चढले होते ती मिसळच संपली.

याच धोरणात महारांचीही भरती १८९२ मध्ये बंद झाली, आणि इथे दोन जमातींच्या वाटा फुटतात. महारांपुढे दुसरी नोकरी नव्हती. दापोलीकडचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त हवालदार, यांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून सरकारकडे अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट. गरज लागली की शूर, गरज सरली की नालायक. बेने इस्रायलांनी अर्जविनंत्यांची एवढी लढाई केली नाही. त्यांच्याजवळ अक्षर होतं आणि अस्पृश्यतेचा शिक्का नव्हता. ते गुपचूप रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये, इस्पितळांत गेले. सुभेदाराचा मुलगा हेडक्लार्क झाला, नातू डॉक्टर. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर, महालक्ष्मीचा ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा. त्या रस्त्यावर वाहतूक तुंबली की मी आता वेगळा विचार करते, एवढाच फरक.

अलिबागला उतरून इस्राएल आळीत गेले. मागेन आबोथ ही इथली मशीद, आताची इमारत १९१० ची. आळीत कुलूपबंद घरं, मधूनच एखादं होम-स्टे झालेलं, ओट्यावर मासळी विकायला बसलेली बाई. तिला विचारलं तर तिने बोटाने घरं दाखवत कोण कुठे गेलं ते सांगितलं. अश्दोद, लोद, दिमोना ही इस्रायलमधल्या गावांची नावं ती पोयनाड, रोहा म्हणावं तितक्या सहज घेत होती.

समुद्रावर ओहोटी होती. कुलाबा किल्ल्यापर्यंत लोक चालत आणि घोडागाडीतून जात होते. हा आंग्र्यांचा किल्ला. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या जमातीचा इतिहास १८९७ मध्ये लिहून काढला. तो छापून निघायला १९३७ साल उजाडलं, तेही तेल अवीवमध्ये. त्यात आंग्र्यांच्या आरमारात नाईक असलेल्या चुरीकरांची हकीकत आहे. म्हणजे कंपनीच्या आधी आणि कंपनीच्या बरोबरीने, तिच्या शत्रूच्या गलबतांवरही ही माणसं होतीच. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या दरबारात शालोम बापूजी कारभारी झाले. मराठा, इंग्रज, सिद्दी, ज्याचं राज्य त्याची चाकरी, हा त्या काळचा रिवाजच होता आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नसे. जाब विचारण्याची पद्धत आपल्याकडे नंतर आली.

स्वातंत्र्यानंतर याच जमातीतल्या एका माणसाच्या हाती देशाचा ताफा आला. बेंजामिन अब्राहम सॅमसन, जन्म पुण्याचा. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत, मग खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे प्रमुख, आणि १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय आरमाराच्या ताफ्याचे सेनानी. नृत्यांगना लीला सॅमसन या त्यांच्या कन्या. बेंजामिन सॅमसन शाळेच्या पुस्तकात नाहीत. पण त्याबद्दल गळा काढायला नको, १९६५ च्या आरमाराबद्दल पुस्तकात तसंही फारसं काही नाही.

नवगाव अलिबागच्या उत्तरेला, थळच्या पुढे. खत कारखान्याच्या वसाहतीवरून रस्ता जातो. परंपरा अशी की फार पूर्वी एक जहाज इथल्या खडकांवर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना गावकऱ्यांनी इथेच पुरलं. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये ते दफनस्थान आहे, वाचलेल्या-बुडालेल्यांचं स्मारक म्हणून उंच दगडी खांब उभारलेला. पर्यटक फोटो काढतात तो खांबाचा. मी जुन्या थडग्यांकडे गेले. पावसाने आणि शेवाळाने अक्षरं खाल्ली आहेत. वर हिब्रू, खाली मराठी, काहींवर नुसतं मराठी. एका दगडापाशी उकिडवी बसून मी ओढणीच्या टोकाने धूळ काढली. नाव गेलेलं. गावाचं नाव गेलेलं. एक शब्द मात्र खोल कोरलेला होता आणि शाबूत होता: पेन्शनर. पलटणीचं नाव कोरलं होतं की नाही कोण जाणे. घरच्यांनी पाथरवटाला घाव खोल घालायला सांगितलं ते या शब्दावर.

मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला येणाऱ्या रोरो बोटीत बसले. आसपास सगळे शनिवार-रविवार करून परतणारे, गाड्या खाली, माणसं वर, वेफर्सचा वास. वारा छान होता. मला भगतसिंग थिंड आठवत होते. अमृतसर जिल्ह्यातला हा शीख १९१३ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९१८ च्या जुलैत, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. पगडीसकट. त्याच डिसेंबरात, अंगावर गणवेश असताना त्याला नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांनी काढून घेतलं. तो गोरा नाही, म्हणून. दोन वर्षांनी दुसऱ्या राज्यात पुन्हा मिळालं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९२३ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो हा नव्हे. महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये वेगळा कायदा झाला तेव्हा, १९३६ मध्ये, थिंड अमेरिकेचे नागरिक झाले. त्यांच्याही आधी आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे कॅलिफोर्नियात जाऊन माउंट तमालपाईस लष्करी शाळेत कवायत शिकले होते. त्यांना अमेरिकेसाठी नव्हे, इंग्रजांविरुद्ध लढायचं होतं.

आणि दुसऱ्या महायुद्धातले जपानी अमेरिकन. कित्येकांचे आईबाप तारेच्या कुंपणातल्या छावणीत, मुलं ४४२ व्या रेजिमेंटमध्ये इटली-फ्रान्सच्या डोंगरांत. त्या रेजिमेंटला मिळालेली पदकं अमेरिकन भाषणांत अजून सांगतात. मला ती पदकं ऐकताना संकोच होतो. छावणीत कोंडलेल्या माणसाने मरून दाखवल्यावर त्याचं कौतुक करायचं, यात कौतुक करणाऱ्याचा मोठेपणा कुठे आहे? भरती होणारा पगारासाठी होतो, चुकवता येत नाही म्हणून होतो, भाऊ गेला म्हणून होतो, घरात करमत नाही म्हणून होतो. त्यावर निष्ठेची झूल मागाहून घातली जाते, आणि घालतात ते बहुधा ज्यांनी आधी संशय घेतला होता ते. बेने इस्रायलांच्या गोष्टीत मला नेमकं हेच दिलासा देणारं वाटतं. शनिवारी घाणा बंद म्हणजे शनवार तेली, इतकीच चौकशी कोकणाने केली होती. फौजेत जाण्यापूर्वीच त्यांचा इथला जमाखर्च मिटलेला होता.

धक्क्यावरून टॅक्सीने मशीद बंदर. सॅम्युएल स्ट्रीटवर घाऊक बाजाराची अशी दाटी की हातगाडीला वाट द्यायची तर दुकानात चढावं लागतं. हा रस्ता ज्यांच्या नावाचा ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर, घरगुती नाव सामाजी हसाजी, कंपनीच्या फौजेतले अंमलदार. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. गोष्ट अशी सांगतात की कैद्यांना ठार करायचा हुकूम होता, तेव्हा ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारणा झाली आणि त्यांनी उत्तर दिलं, बेने इस्रायल. टिपूच्या आईने ते ऐकलं. कुराणात ज्यांचं नाव आहे ती माणसं खरोखर आहेत तर, म्हणून तिने त्यांचा जीव वाचवला. खरं-खोटं करण्यात अर्थ नाही. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस दिवेकरांनी बोलला होता, आणि १७९६ मध्ये त्यांनी तो फेडला हे मात्र पक्कं. शाआर हारहामीम, दयेचं दार. मुंबईतली पहिली ज्यू मशीद. पुढच्या वर्षी तोराच्या गुंडाळ्या आणायला कोचीनला गेले असताना ते तिथेच वारले. आताची इमारत १८६० ची. ‘जुनी मशीद’ म्हणून विचारलं तर हमालही बरोबर नेऊन सोडतात, आणि रेल्वेच्या स्टेशनाचं नाव हिच्यावरून पडलं असं लोक मानतात. इंग्रजाच्या शिपायाने मुसलमान राजाच्या कैदेत बोललेला ज्यू नवस, मराठी माणसाने फेडलेला.

आत अश्दोदहून आलेले एक गृहस्थ भेटले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, लहानपण भायखळ्याचं, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मराठी आपल्यापेक्षा जुनं आणि नीट. त्यांच्या घरी ‘मायबोली’ येत असे, इस्रायलमध्ये निघालेलं मराठी नियतकालिक. मी सुभेदारांबद्दल बोलत होते. ते म्हणाले, “आमच्याकडे आता सगळेच सुभेदार. मुलगा असो, मुलगी असो, अठरावं लागलं की जावं लागतं. माझे तिन्ही जाऊन आले. नात आहे आत्ता.”

“काळजी वाटते?”

“वाटते की. न वाटायला काय झालं?”

मग त्यांनी आपणहून साठच्या दशकाच्या सुरुवातीचा विषय काढला. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने त्या सुमारास फर्मान काढलं की बेने इस्रायल मुलामुलीचं लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. हे खरे ज्यू कशावरून? कोकणातून गेलेली माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, बायकामुलांसकट. १९६४ च्या उन्हाळ्यात तिथल्या संसदेत प्रश्न गेला आणि त्यानंतर धर्मपीठाला त्या फर्मानातून बेने इस्रायलांचं नाव काढावं लागलं. हे गृहस्थ तेव्हा कोवळे होते, नुकतेच आलेले.

“माझा थोरला भाऊ सैन्यात होता तेव्हा,” ते म्हणाले. “बंदूक देताना कुणी विचारलं नाही, तुझी आजी कोण. लग्न ठरलं तेव्हा विचारलं.”

“मग?”

“मग काय. आई म्हणाली, आजी पेझारीची, जाऊन विचारून या म्हणावं.” त्यांनी घड्याळ पाहिलं. मुलीने कोकम, आगळ आणि कडवे वाल आणायला सांगितले होते, दुकानं आठला बंद होतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, इथे कोकम भारी पडेल, पनवेलहून न्या. ते म्हणाले, पनवेलला उद्या जातोच आहे, पण वाल इथे बघून ठेवतो, आणि पिशवी काखेत मारून ते गर्दीत शिरले. हातगाडीवाला ओरडला, ते त्याच्यावर उलट ओरडले, भायखळ्याच्या मराठीत.